वेणीचा मुडा

कुणालीनं लॅपटॉप माझ्या भाकरीच्या परातीशेजारी उघडला, तेव्हाच मी तिला बजावलं होतं की पीठ उडालं तर माझ्या नावानं ओरडायचं नाही. कुणाली माझी मुलगी. कल्याणला एका गुंतवणुकीच्या कंपनीत बसून लोकांना पैसे कसे साठवायचे ते सांगते आणि स्वतः महिन्याच्या वीस तारखेला माझ्याकडून पाचशे रुपये नेते. शनिवारी मुरबाडला घरी येते, रविवारभर मला शहाणं करते आणि सोमवारी पहिल्या एसटीनं परत जाते.

त्या रविवारचा विषय होता माझी नोकरी. मुरबाडच्या एमआयडीसीत स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्याचं स्टोअर मी सांभाळते. लागले होते पॅकिंगला. पुढे स्टोअरची चावी कमरेला आली ती आजतागायत. सत्तावीस वर्षं झाली. तिथे मला जनामॅडम म्हणतात. कुठल्या रॅकवर काय आहे, किती उरलंय, कधी मागवायला हवं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण पन्नाशी आली, सिमेंटच्या लादीवर उभं राहून गुडघ्यांनी संप पुकारला, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला. कंटाळा असं अर्जात लिहिता येत नाही, म्हणून मी ‘घरगुती कारणास्तव’ असं लिहून अर्ज तयार ठेवला होता. मार्चअखेर सुटायचं तर डिसेंबर संपायच्या आत तो द्यायला हवा. नोव्हेंबर निम्मा सरला होता आणि अर्ज अजून माझ्या पर्समध्ये घडी घालून पडला होता.

का पडला होता, ते मी कुणालीला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते. आमचे हे स्वभावानं गरीब. नाक्यावर त्यांचं मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान आहे, व्यसन नाही, आरडाओरडा नाही. मागितलं तर नाही म्हणणार नाहीत. पण मागावं लागेल ना! लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी मागत होते, साबणाला, टिकलीच्या पाकिटाला, माहेरच्या तिकिटाला. पाकिटाकडे हात नेता नेता ते विचारायचे, “कशाला?” साधंच विचारायचे, मनात काही नसायचं. पण मला ते ‘कशाला’ फार लागायचं. नोकरी लागली आणि ते बंद झालं. आता पुन्हा या वयात ‘कशाला’ ऐकायचं, म्हणून त्या अर्जाची घडी काही उघडत नव्हती.

कुणाली म्हणाली, प्रत्येक ध्येयाला एक ओळ, ओळीला रक्कम आणि तारीख. पहिली ओळ घराच्या गळक्या स्लॅबची. दुसरी अडीअडचणीची, म्हणजे वर्षभराचा खर्च बाजूला काढून ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. तिसरी तिच्या लग्नाची. तिथे तिनं माझ्या आकड्याच्या निम्मा आकडा टाकला आणि वर मलाच डोळे दाखवले. चौथी ओळ दरमहा माझ्या हातखर्चाची, अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होईपर्यंत. पाचव्या ओळीवर तिनं लिहिलं, ‘स्वतःसाठी’.

“आई, इथे काय लिहू?”

मी म्हटलं, दुपारची झोप. ती म्हणाली त्याला रक्कम लागत नाही, दुसरं सांग. मी दोन भाकऱ्या थापल्या तरी मला दुसरं काही सुचलं नाही. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना काय लागतं ते देत आले, मला काय लागतं ते कोण विचारतंय? ती ओळ कोरीच राहिली.

शेवटी तिनं पीएफ आणि ग्रॅच्युइटीची बेरीज केली, ओळींची बेरीज केली, आणि चार लाख कमी पडतात असं जाहीर केलं. बरोब्बर अडीअडचणीच्या ओळीएवढे. मग चहाचा कप फिरवत म्हणाली, खर्डीला मामाकडे तुझा हिस्सा पडून आहेच की. आजोबांची जमीन, कायद्यानं तुझीही आहे. तिकडे आता भाव काय झालेत तुला माहीत आहे का?

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. तिला म्हटलं, मला कायदा शिकवू नकोस. ती जमीन माझी नाही. मी मुडा नको म्हटलेली बाई आहे.

मुडा म्हणजे काय, हे कुणालीला विचारावं लागलं. चूक तिची नाही, मीच कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या घरी झोडणी आटपली की आई मुडे बांधायची. खळ्यात पेंढ्याचा गोल थर पसरायचा, काड्यांची टोकं बाहेर ठेवून. मधोमध वाळवलेलं भात ओतायचं. मग टोकं चहूबाजूंनी वर घेऊन आवळायची आणि पेंढ्याच्याच वळलेल्या दोरीनं गोल गोल बांधत जायचं. एकट्याचं काम नाही हे. एकानं गुडघा देऊन दाबून धरायचं, दुसऱ्यानं दोरी ओढायची. मी सात वर्षांची असल्यापासून गुडघा माझा असायचा. मांडीला पेंढा टोचायचा, अंगाला भाताची कूस, म्हणजे बारीक कुसळं, लागून खाज सुटायची, पण आई दुसऱ्या कुणाला बोलवायची नाही. म्हणायची, जनीचा गुडघा बसतो बरोबर. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान होता! शाळेत पहिला नंबर आला असता तरी एवढा झाला नसता.

बांधलेला मुडा माळ्यावर जायचा. त्यातला बियाण्याचा मुडा मृगापर्यंत सोडायचा नाही, घरात उपास पडला तरी नाही, हा आईचा दंडक. पुढे कारखान्यात साहेबांनी मला ‘मिनिमम स्टॉक’ म्हणजे काय ते तक्ता काढून समजावलं, तेव्हा मला हसू आवरेना. ते मी परकर नेसत होते तेव्हापासून शिकले होते.

आणि एक मुडा असायचा लेकीचा. आमच्या घराण्याची रीतच ती. लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक लेकीच्या नावानं दर साल एक मुडा बांधायचा, डोक्यावरून नेता येईल एवढा लहान. बाकीच्या मुड्यांना साधी गाठ, पण लेकीच्या मुड्याच्या दोरीचं टोक तीनपदरी वेणी घालून सोडायचं, म्हणजे माळ्यावर अंधारातही हाताला कळतो. दिवाळीनंतर लेक यायची आणि तिचा मुडा घेऊन जायची. तिनं तो खावा, विकावा, कोंबड्यांना घालावा, काय केलास असं कुणी विचारायचं नाही. आई म्हणायची, लेकीला सासरी मिठालासुद्धा हात पसरायला लागू नये.

माझा पहिला मुडा सत्त्याण्णव सालचा. मी तो मुरबाडच्या बाजारात विकला, स्वतःला चपला घेतल्या आणि साठ रुपये चहापुडीच्या डब्यात लपवून ठेवले. त्या चपला चावायच्या, पण मी त्या झिजेपर्यंत घातल्या. ‘कशाला’ न ऐकता घेतलेली ती माझी पहिली वस्तू होती.

पुढच्या वर्षी मला नोकरी लागली. अकराशे रुपये पगार आणि माज अकरा हजारांचा. कार्तिकात माहेरी गेले ती मनगटावर घड्याळ बांधून. आईनं माझा मुडा खळ्यात आणून ठेवला. आत्या आलेली होती, शेजारच्या बाया होत्या, माझ्या भावाचं, देवजीदादाचं, नुकतं लग्न झालेलं, नवी वहिनी दारात उभी होती. सगळ्यांसमोर मी म्हटलं, मला नको आता मुडा, मला पगार आहे, तांदूळ दुकानात हवा तेवढा मिळतो.

आई एवढंच म्हणाली, “बरं.”

आत्या मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. “नको म्हणलेला मुडा परत मागायचा नसतो, जने,” असं ती म्हणाली आणि पान चघळत आत गेली.

माझं वय तेवीस. मला वाटलं, मागतंय कोण? पुढे कळत गेलं तसं ते वाक्य माझ्या मनात घट्ट बसत गेलं. मी जे खळ्यात टाकून आले ते नुसतं भात नव्हतं, हे मला कुणाली पोटात असताना पहिल्यांदा कळलं. पण तोवर बोलून बसले होते, आणि माझी मान काही वाकत नव्हती. तेव्हापासून माहेराहून मी काकड्या आणल्या, शिराळी आणली, भाताचा दाणा आणला नाही. माळ्यावर तर चढलेच नाही. माहेरी जायचे तीही रविवारी दोन तासांसाठी, मिठाईचा पुडा घेऊन, पाहुण्यासारखी. निघताना आई दारापर्यंत यायची आणि दर वेळी विचारायची, “आजून काय न्यायचंय?” मी घड्याळ बघून म्हणायचे, काही नको, बस चुकेल. सहा वर्षांपूर्वी आई गेली. मग तेच वाक्य वहिनी दारात उभी राहून विचारायला लागली. मला वाटायचं, सासूची सवय सुनेला लागली.

हे सगळं ऐकून कुणाली म्हणाली, आई, मुडा आणि सातबारा यांचा काहीएक संबंध नाही. तिचं बरोबर होतं. पण तिच्या लॅपटॉपला आमचं खळं माहीत नव्हतं. तरीही आठवडाभर ते चार लाख माझ्या डोक्यातून जाईनात. शेवटी ठरवलं, मागायचं. फार तर काय होईल, दादा नाही म्हणेल. नाही म्हणाला तर पर्समधला अर्ज फाडायचा आणि आणखी आठ वर्षं लादीवर उभं राहायचं.

पुढच्या रविवारी मी निघाले. सरळगाव, किन्हवली, शहापूर, तिथून खर्डीच्या बाजूची जीप. दोन्ही बाजूंना खाचरं कापून रिकामी झालेली, कडेला पेंढ्याच्या गंजी. एसटीत बसून मी वाक्यं जुळवत होते. ‘दादा, एक विचारायचं होतं.’ नको, लाचार वाटतं. ‘दादा, कायद्यानं माझा हिस्सा आहे.’ हे तर जुळवता जुळवताच मी खोडून टाकलं. किन्हवली येईपर्यंत चार वाक्यं जुळवून झाली आणि चारही मोडून झाली.

घरी पोचले तेव्हा वहिनी खळ्यात बसली होती, भोवती पेंढा. दादा खाटेवर. त्याचा उजवा खांदा महिनाभर धरला होता. मी मिठाईचा पुडा पुढे केला. तो म्हणाला, ठेव, पाव्हण्यांनी आणलेलं नाय कसं म्हणायचं? दादाचं बोलणं असंच, कारल्याच्या वेलासारखं. वहिनीनं पाणी दिलं आणि परत पेंढ्यापाशी जाऊन बसली. मुडा बांधायचा होता आणि दाबून धरायला माणूस नव्हतं. मिताली, त्यांची एकुलती मुलगी, लग्न होऊन आसनगावला गेली होती. दादाचा खांदा असा. वहिनी एकटीच गुडघाही देत होती आणि दोरीही ओढत होती, आणि मुडा एका बाजूला फुगत होता.

मी साडी खोचली, घड्याळ काढून खाटेवर ठेवलं आणि जाऊन गुडघा दिला.

गुडघा कुरकुरला, पण जागा चुकली नाही. वहिनीनं दोरी ओढली तेव्हा अंगाचा भार कुठे टाकायचा ते मला कुणी सांगावं लागलं नाही. पेंढा टोचला, कूस लागली, नाकात तो कोरडा गोड वास गेला, आणि मला एकदम आईच्या हाताची आठवण झाली. दोरी ओढताना ती खालचा ओठ दातात धरायची. मी मान खाली घातली. गुडघा दुखतोय म्हणून डोळ्यांत पाणी आलंय असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

बियाण्याचा मुडा झाला, साधी गाठ. घरखर्चाचे दोन झाले, साधी गाठ. मग वहिनीनं लहान थर मांडला, भात ओतलं, आम्ही आवळला, आणि तिनं दोरीच्या टोकाची वेणी घातली. मी ओळखलं आणि म्हटलं, मितालीचा ना? वहिनी हो म्हणाली. लेकीची रीत चालू ठेवलीय हे बघून बरं वाटलं. थोडं दुखलंही, ते कशाला लपवू.

मी उठून साडी झटकत होते, तोवर वहिनीनं आणखी एक लहान थर मांडला.

“आता हा कुणाचा?” मी विचारलं. मिताली तर एकटीच.

वहिनी वर न बघता भात ओतत राहिली. “तुमचा. दुसरा कुणाचा असल?”

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. मी म्हटलं, मी तर नको म्हटलं होतं. तुम्हीच तर दारात उभ्या होतात.

“व्हते की. तुमी नको म्हणल्या,” वहिनी म्हणाली. “परत मागायचा नाय, हे आत्याबाय म्हणल्या. आई कुठं म्हणल्या व्हत्या?”

आणि मग ती बोलायला लागली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी एका वेळी चार वाक्यांच्या वर बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी मी निघून गेल्यावर तिनं आईला विचारलं होतं, आता हा मुडा सोडून कणगीत ओतायचा का? नवी सून, तिला रीत माहीत नव्हती. आई म्हणाली, ती नको म्हणाली ती तिची गोष्ट, बांधायचा की नाय ती आपली. आणि तो मुडा आईनं स्वतः माळ्यावर चढवला. मी नेला नाही, म्हणून मृगाला तोच सोडला आणि त्याचंच बी खाचरात पेरलं. त्या पिकातून कार्तिकात पुन्हा माझ्या नावाचा नवा मुडा बांधला. पुढच्या मृगाला तोच पेरला. असं दर साल. मी कधी माझा मुडा मागितलाच तर पेरायला बी उरावं म्हणून बियाण्याचा वेगळा मुडाही दर वर्षी बांधून ठेवायचा, आणि तो दर वर्षी मागाहून खायला काढायचा. आई गेल्यावर वहिनीनं बांधला. एक साल चुकलं नाही.

“सत्तावीस वरसं तुमच्याच मुड्याचं बी पेरतो आमी,” वहिनी म्हणाली. “आई दारात इचारायच्या, आजून काय न्यायचंय. मीबी इचारायची. दर साल वाटायचं, आज तरी म्हणतील, माझा मुडा द्या. तुमचं ध्यान घड्याळात. मला राग यायचा, वन्स, खोटं कशाला बोलू? माझ्या माह्यारी ही रीत नाय. माझ्या नावानं कुणी मूठभर दाणं बांधून ठेवलं असतं, तर मी पायी गेली असती आणायला.”

मी खळ्यातच खाली बसले. रडू आलं ते आलंच, पदर तोंडाला लावूनही आवरेना. काय वाटलं ते सांगता येणार नाही, पण एवढं सांगते. वीस-एकवीस वर्षं आई दारात उभी राहून मला विचारत होती आणि मी तिला बसचा टाइम सांगत होते. तिनं एकदाही तोंडानं म्हटलं नाही की तुझा मुडा वर आहे, घेऊन जा. माझा माज तिला मोडायचा नव्हता. मी स्वतः मागितला असता तर तो आपोआप उतरला असता, त्याची ती वाट बघत होती. आणि मी कारखान्यात दुसऱ्यांच्या मालाचा दाणा न् दाणा सांभाळत होते.

दादाला रडारड आवडत नाही. तो उठून आत गेला. मला वाटलं रागावला. तो एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला आणि त्यातून सातबारा काढून माझ्यासमोर टाकला. आईच्या मागे दोन नावं होती. एक त्याचं, खाली माझं.

“आई गेली तवा लोकांनी सांगितलं, भयनीकडून हक्कसोड लिहून घे, पुढं भानगड नको,” दादा म्हणाला. “मी म्हणलं, माळ्यावर मुडा हाय तवर नाव काढायचं नाय.”

तेव्हा मी म्हटलं, दादा, मी आज तेच मागायला आले होते. नोकरी सोडायचीय, पैसे कमी पडतात. हिस्सा मागायला आले होते.

एसटीत जुळवलेल्या चारातलं एकही वाक्य त्यात नव्हतं. दादा खांदा चोळत म्हणाला, ओहोळाकडचं खाचर तुझ्या वाट्याचं धर, विकायचं तर वीक, पेरायचं तर पेर. विकलंस तर मला वाईट वाटल, बांध मी घातलेत. पण मी इचारायचा नाय.

ते ‘इचारायचा नाय’ मी आयुष्यभर विसरणार नाही.

वहिनी अजून दोरी धरून बसली होती. मुडा अर्धाच आवळला होता. मी डोळे पुसले, परत गुडघा दिला आणि माझा मुडा आम्ही दोघींनी बांधला. वेणी मी घातली. वहिनीनं ती बघितली, सैल झाली म्हणाली आणि सोडून पुन्हा घालायला लावली. जेवणात नव्या तांदळाचा भात होता आणि वालाची आमटी. मी दोनदा भात घेतला. माहेरच्या भाताचा घास घेताना एवढी वर्षं मी चोरट्यासारखी जेवत होते, त्या दिवशी मांडी ठोकून जेवले. खाटेवरचं घड्याळ तिथेच पडलं होतं. किती वाजले ते मी बघितलं नाही आणि साडेतीनची जीप गेली.

पाचच्या जीपला निघाले. दारात वहिनी उभी राहिली. आता विचारणार तेवढ्यात मीच म्हटलं, “वहिनी, माझा मुडा द्या.” सत्तावीस वर्षं उशिरा. ती हसली आणि मुडा तिनं स्वतः उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. ठेवताना माझे केसही सारखे केले.

शहापूरला एसटीत कंडक्टरनं मुड्याकडे नीट पाहिलं. बायकांना अर्धं तिकीट लागतं, पण मुडा बाई नव्हता. त्याचं सामानाचं तिकीट त्यानं वेगळं फाडलं. माझ्यापेक्षा माझ्या मुड्याचं तिकीट जास्त झालं. मी हसत पैसे दिले, आणि सरळगावपर्यंत मुडा पायाशी न ठेवता मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईच्या साडीला पेंढा लागत होता, ती दोनदा माझ्याकडे बघून सरकली. मी सरकले नाही.

घरी कुणाली लॅपटॉप उघडून तयारच होती. काय म्हणाला मामा? मी तिला सांगितलं, अडीअडचणीच्या ओळीत जमीन लिही. ती म्हणाली, विकायची? मी म्हटलं, नाही, लिहून ठेवायची आणि समोर लिहायचं, मृगाआधी सोडायचा नाही. तिला ते कळलं नाही, पण चार लाखांच्या जागी तिनं जमीन लिहिली आणि ओळ भरली. वरचे सगळे आकडे जमले. खालची ओळ राहिली होती.

“स्वतःसाठी?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, आवणीला, भाताची रोपं लावायला, माहेरी जायचं. ओहोळाकडचं खाचर आहे, मी आणि वहिनी लावणार. आठ-दहा दिवस तरी राहणार. रक्कम लिही, अर्धं तिकीट. तारीख लिही, रोपं तयार होतील तेव्हा. कुणाली म्हणाली ही तारीख नाही. मी म्हटलं, हीच तारीख आहे, तुझ्या लॅपटॉपला सांग. तिनं हसत लिहिलं. मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं, आणि ती उठून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. पेंढा टोचतोय म्हणाली, पण उठली नाही. मुड्याची वेणी हातात घेऊन बघत राहिली. मी तिला काही सांगितलं नाही. तिचं लग्न व्हायचंय अजून, आणि पेंढा कुठून आणायचा ते मला आता माहीत आहे.

पर्समधून अर्ज काढला, त्याची घडी सरळ केली आणि उद्याच्या डब्याच्या पिशवीत वरच ठेवला.

तेवढ्यात हे दुकान बंद करून आले. चपला काढताना दारातच मुडा दिसला. वाकून त्यांनी तो चाचपला, वेणी ओढून पाहिली, आणि नेहमीच्या गरीब आवाजात विचारलं, “हा कशाला?”

मी चहा ठेवत होते. मान न वळवता म्हटलं, “ते विचारायचं नसतं.”